रकाना सातवा : वास

नाशिक,
गुरुवार, ११ ऑक्टोबर १९८४

आदरणीय कोंडाजीमामांस,

भाचा देवराम याचा सविनय जयभीम. मामीच्या गुडघ्याला उतार पडला असेल अशी आशा करतो. इगतपुरीचा पाऊस थांबला असल्यास तुमची घोंगडी एव्हाना निम्मी तरी वाळली असेल. इकडे आम्ही दोघं सुखरूप आहोत; म्हणजे लता सुखरूप आहे आणि मला मेमो मिळाला आहे. रेल्वेत तुम्ही चौतीस वर्षं मेमो खाऊन पचवलेत, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलं.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे, तरी मामीसाठी पुन्हा सांगतो (मागच्या वेळी ती मला प्लंबर समजत होती). विहिरींवर जायचं, पाणी शेंदून बाटलीत भरायचं आणि छापील फॉर्म भरायचा. रकाना सहावा रंग, रकाना सातवा वास. बाटली पुढच्या तपासणीला पुण्याला जाते आणि तिचं उत्तर तिथल्या सवडीने येतं किंवा येतच नाही. वासाला मात्र यंत्र नाही. तो कर्मचाऱ्याने स्वतः घ्यावा, असा नियम आहे. आणि या कामासाठी आमच्या कार्यालयाने अख्ख्या जिल्ह्यातून शोधून काढलेला माणूस म्हणजे मी, ज्याच्या नाकात सकाळी सहापासून तपकीर! नऊ वर्षं मी सातव्या रकान्यात 'नाही' लिहीत आलो. खोटं एकदाही लिहिलं नाही. मला खरोखरच कसलाही वास येत नव्हता. साहेब खूश होते. ज्याच्या कागदामुळे कुणालाच काही करावं लागत नाही, असा माणूस कुठल्या साहेबाला नको असतो?

आता गंगापूर रोडला भिकनशेठचा पेट्रोल पंप आहे आणि त्याच्या मागच्या गल्लीत शकुबाईची विहीर. नळ अजून तिथवर पोचलेला नाही, त्यामुळे चौदा घरं याच विहिरीचं पाणी पितात. पंपाखाली वीस वर्षांपूर्वी पुरलेली लोखंडी टाकी आहे. भिकनशेठ रोज सकाळी तिच्यात काठी सोडून पेट्रोल किती उरलं ते बघतो. रविवारी पंप बंद असतो, तरी सोमवारी काठी चार बोटं कमीच भिजते. शेठ म्हणतो, ऊन फार, उडून जातं. (जमिनीच्या पोटात ऊन कसं पोचतं, हे मी विचारलं नाही. त्याचा चहा चालू होता.) इकडे तीन वर्षं शकुबाई सांगते आहे की भाताला पेट्रोलचा वास येतो, आणि तीन वर्षं मी तिच्या ओट्यावर बसून, तिच्याच पाण्याचा चहा पिऊन, 'नाही' लिहितो आहे. पाण्यावर रंगीबेरंगी तवंग असतो तो मीही पाहिला. पण सहाव्या रकान्यात स्वच्छ, गढूळ आणि पिवळसर एवढंच छापलेलं आहे. त्यातल्या त्यात स्वच्छ बरं वाटलं. मागच्या खेपेला ती म्हणाली, "देवराम, तुझ्या कागदात वास नाय, मंग माझ्या भातात कुठून आला रं?" मी हसण्यावारी नेलं.

त्याच दिवशी पोहरा ओढायला वाकलो आणि सदऱ्याच्या खिशातली डबी विहिरीत गेली. आपल्या दादांची पितळी डबी! मी कठड्याला धरून रडायचाच बाकी होतो. लताने दुसरी आणू दिली नाही. विहिरीने सोडवलं ते तुम्ही परत धरू नका, म्हणाली. पहिले चार दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. आठव्या दिवशी नाक उघडलं. मामा, काय सांगू! जग इतकं वास मारतं हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं. साहेबांच्या केसांचं तेल, फायलींची कसर, माझे स्वतःचे मोजे. तेच उघडं नाक घेऊन शकुबाईकडे गेलो आणि पोहरा वर आला तेव्हा वाटलं, मी विहिरीवर नाही, पंपावर उभा आहे. शकुबाईने नेहमीप्रमाणे चहा पुढे केला. तो मला पिववला नाही आणि परतही करवला नाही. मला फार लाज वाटली. ती माउली तीन वर्षं हेच पिते आहे.

फॉर्मवर ठळक लिहिलं : 'वास – पेट्रोलचा, उग्र.' कार्यालयात गोंधळ उडाला. साहेबांनी चौकशी केली, भिकनशेठशी बोलून आले आणि निष्कर्ष काढला की विहिरीला वास येतो तो माझ्या तपकिरीच्या डबीमुळे. मेमोत लिहिलंय, 'कर्तव्यावर असताना सार्वजनिक उपयोगाची विहीर दूषित केल्याबद्दल खुलासा करावा.' (तीन वर्षांची तक्रार आणि वीस दिवसांपूर्वी पडलेली डबी यांचा मेळ कसा बसवला, ते मेमोत नाही.) मग मला आत बोलावून गोडीत सांगितलं : सोमवारी फेरतपासणी आहे. 'नाही' लिहिलंस तर मेमो फाटेल, तक्रार कायमची निकालात निघेल. आणि पुढ्यात तपकिरीची नवीकोरी डबी ठेवली.

पण मी ठरवलं आहे. सोमवारी खरं तेच लिहिणार. तपकीर जन्माची सुटली. ती डबी मी टेबलावर तशीच राहू दिली.

मामीला जयभीम.

तुमचा भाचा,
देवराम

ता. क. खरं काम राहिलंच. फेरतपासणीला दोन पंच लागतात. घाट चढून आलेल्या गाडीचं कुठलं चाक तापलं आहे, हे तुम्ही फलाटावरून नुसत्या वासाने सांगत होता. तसं नाक आमच्या कार्यालयात नाही. सोमवारी साडेदहाला पंच म्हणून याल का? शकुबाईने तुमच्यासाठी भात घालायचं कबूल केलंय. तो खाऊ नका, फक्त हुंगा.

ता. क. २. डबी टेबलावर राहू दिली असं वर लिहिलंय. कुठल्या टेबलावर ते लिहायचं राहिलं. आमच्या घरच्या. हे पत्र लिहिताना ती दोनदाच उघडली.

ता. क. ३. शेजारच्या रंगूबाई आत्ता नाकाला पदर लावून सांगून गेल्या की तुमच्या घरातून सुकटीचा वास अख्ख्या चाळीत सुटलाय. आत जाऊन पाहिलं तर लता खरंच सुकट भाजते आहे. मामा, सोमवारची वाट बघू नका. उद्याच्या गाडीने या.