तीस जूनपूर्वी गवत कापू नये

मी, डोरीन मेबल हॅथर्ली, कै. विल्फ्रेड हॅथर्ली यांची पत्नी, वय वर्षे ८४, शाळेची निवृत्त स्वयंपाकीण, राहणार चर्च रस्ता, लिटल ऑर्बी, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. गावात ज्यांना शंका असेल त्यांनी तो वाचावा. माझी आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. घर, सामान व बँकेतील शिल्लक माझी भाची ग्वेन्डा हिला मिळावी. अंमलबजावणीही तिनेच करावी. स्वयंपाकघरातील घड्याळ दहा मिनिटे पुढे आहे, ते तसेच ठेवावे. मी आयुष्यभर चर्चला वेळेवर पोहोचले ती त्याच्याच जोरावर.

२. घरापासून चर्चच्या फाटकापर्यंतचा गवताचा उतार घराबरोबर ग्वेन्डाकडे जाईल, परंतु पुढील अटीवर: डॅफोडिलची पाने पिवळी पडून आपोआप आडवी होईपर्यंत, म्हणजे तीस जूनपर्यंत, तेथे गवत कापू नये.

या अटीमागची हकीकत नोंदवणे भाग आहे. विल्फ पोस्टमन होता. ज्यांच्या घरी डॅफोडिलचे जास्तीचे कंद असत, ते त्याच्या पिशवीत टाकत, आणि दर शरद ऋतूत तो ते या उतारावर लावी. मदरिंग संडेला चर्चमध्ये मुले आपापल्या आईला फुलांची जुडी देतात, ती याच फुलांची. उरलेल्या जुड्या आम्हा मूल नसलेल्यांच्या हाती येत. मला त्या जुडीचे फार अप्रूप होते, हे आता लिहायला हरकत नाही.

२०१४ साली ग्रामसमितीचा अध्यक्ष जेरल्ड पिंकनी याने नीटनेटक्या गावाच्या स्पर्धेसाठी, फुले संपून पंधरा दिवस होत नाहीत तोच, सगळी पाने कापून टाकली. कंद पोसतो पानांवर, हे त्याच्या गावी नव्हते. गावाला चषक मिळाला. पुढच्या वर्षी उतारावर नुसती पाती आली आणि मुलांनी आयांना दुकानातली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फुले दिली. त्या रविवारी मी घरी येऊन रडले.

त्यानंतर चार वर्षे, दर एप्रिलमध्ये, मी चहाचा थर्मास घेऊन उतारावर खुर्ची टाकून बसले. जेरल्ड गवत कापायच्या यंत्रावर बसून येई. “डोरीनबाई, बाजूला व्हा. परीक्षक यायचेत.” मी म्हणाले, “मग माझ्यावरूनच घाल यंत्र. मीही वाळत चाललेय, तेवढंच नीटनेटकं दिसेल.” याला मी शाळेत सहा वर्षे कस्टर्ड वाढले आहे; यंत्र पुढे न्यायची त्याची छाती झाली नाही. गेल्या हिवाळ्यात जुने खरेदीखत उलगडले तेव्हा कळले, की मी स्वतःच्याच जागेवर ठिय्या देऊन बसले होते.

३. तो चषक ग्रामसभागृहातून आणून माझ्या शवपेटीवर ठेवावा. वसंतात गेले तर डॅफोडिल भरून, एरवी रिकामा.

४. विल्फचे फावडे मी जेरल्डसाठी ठेवणार होते. परवा, मदरिंग संडेला, उतार विल्फच्या वेळेसारखा वरपासून खालपर्यंत पिवळा होता. सगळ्या मुलांना, सगळ्या आयांना जुड्या मिळाल्या, तरी टोपली रिकामी होईना. मुलांच्या रांगेत शेवटी बासष्ट वर्षांचा जेरल्ड टोपी हातात घेऊन उभा होता. त्याची आई नव्वदीची, वृद्धाश्रमात असते. त्याला तिच्यासाठी जुडी हवी होती. मी त्याला दोन दिल्या.

आज तो साक्षीदार म्हणून आला. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून हे कलम रद्द, आणि फावडे मी आत्ताच, जिवंतपणी, त्याच्या हातात दिले आहे. उन्हाळ्यात दाटलेले कंद काढून शाळेच्या कुंपणाला लावायचे आहेत. कलम दोन त्याने माझ्यासमोर मोठ्याने वाचले. “पानं वाळेपर्यंत थांबायचं, एवढंच ना?” त्याने विचारले.

“एवढंच,” मी म्हणाले. मग तो सही करायला वाकला.

लिटल ऑर्बी, मंगळवार, २ एप्रिल २०१९. खिडकी उघडी, फुले समोर.

सही: डोरीन एम. हॅथर्ली

साक्षीदार, दोघेही माझ्यासमक्ष:
१. मॉड टॅपलिन, चर्चमधील ऑर्गनवादक
२. जेरल्ड पिंकनी, अध्यक्ष, ग्रामसमिती (फावड्यासह)