कुलदीपने मुद्दाम ठेवलेली हवा

२० एप्रिल, रविवार
रोजनिशी पुन्हा सुरू. कारण बडनेऱ्याचा कुलदीप.
काल माझी बायको प्रणाली तिवस्याच्या दवाखान्यातून नर्सची ड्यूटी करून येताना गाडीचा पाण्याचा पाइप फुटला. नर्सबाईने गाडी कशीबशी आणली. पण अमरावतीत गॅरेज नाहीत का? दहा किलोमीटर पुढे बडनेऱ्याला गेली. जेवताना सांगितलं, “कुलदीपभाऊनं तासाभरात बदलून देला.” जेवण संपेपर्यंत त्याचं नाव चारदा. माझं एकदाही नाही. अर्थात मी समोरच बसलो होतो.

२३ एप्रिल, बुधवार
गाडी गरम होते. काटा वर. हीटर लावला तर गार हवा येते, डॅशबोर्डमागे गुडगुड आवाज. कुलदीपने फोनवर सांगितलं म्हणे, “कूलंटच्या पान्यात हवा राहिली असन, आनून द्या, काढून देतो.”
राहिली नाही. ठेवली. म्हणजे प्रणाली पुन्हा त्याच्याकडे जाईल. मी १९ वर्षं पाटबंधारे खात्यात आहे. पाइपातली हवा हा आमच्या खात्याचाच विषय. (मी आवक-जावकला असलो तरी.)
निश्चय: हवा मी काढणार.

२७ एप्रिल, रविवार. दु. १२
चार व्हिडिओ पाहिले. सोपं आहे. थंड इंजिन, रेडिएटरचं झाकण उघडं, हीटर फुल, इंजिन चालू, बुडबुडे निघेपर्यंत थांबायचं.
थांबलो. बाहेर ४३ डिग्री. हीटर फुल असून छान गार हवा आली. गाडीची प्रकृती उत्तम असल्याचं जाहीर केलं. पायल म्हणाली, “बाबा, तेच तर दुखनं हाय.” बारावीच्या पोरींना हल्ली फार कळतं.

१ मे, गुरुवार
सुट्टीचा सदुपयोग. कूलंटची अख्खी बाटली ओतली. इंजिन चालू केलं, हात चुकून वायपरला लागला, काचेवर हिरवं कारंजं. मला वाटलं, हवा निघाली.
पायलने, मोठ्या आवाजात, सांगितलं की ते काच धुवायच्या पाण्याचं भांडं आहे. शेजारचे रामराव गॅलरीत होतेच. ते हसले. प्रणाली हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.
उद्यापासून ती एसटीने तिवस्याला जाणार. गाडी माझ्या उपचाराखाली.

४ मे, रविवार
आज ती म्हणाली, “कुलदीपले एकदा दाखवून घेऊ.”
नावामागचा ‘भाऊ’ गळाला!
सहज विचारलं, भाऊ कुठे गेला? ती म्हणाली, “कोनता भाऊ? अकोल्याचा? पोरीच्या लग्नाच्या धावपळीत हाय ना तो.” शिताफीने विषय बदलला. लग्न ११ तारखेला, साडेअकराला. ती सख्खी आत्या, वेळेवर पोचलंच पाहिजे. म्हणे रेल्वेनं जाऊ. मी म्हटलं, स्वतःची गाडी असताना? आणि रेल्वे बडनेऱ्याहून सुटते. तिथे कोण आहे ते मला माहीत आहे.

७ मे, बुधवार
ऑफिसातून अर्धी रजा. बडनेऱ्याला जाऊन त्याला पाहून आलो. निव्वळ माहितीसाठी.
वय पस्तीस. तंबाखूचा खर्रा खात नाही. शिवी देत नाही. दात पांढरे. डोक्यावर भरपूर केस. असा माणूस मेकॅनिक कशाला होईल? काहीतरी हेतू असणारच.
मला म्हणाला, “काय पायजे, काका?” काका! मी अठ्ठेचाळीसचा आहे.
येताना केस कापून, रंगवून आलो. घरी कोणाच्या लक्षात आलं नाही. इतकं नैसर्गिक काम.

९ मे, शुक्रवार
आज शास्त्रीय पद्धत. हवा वर जाते, म्हणून गाडीचं तोंड गेटच्या उतारावर चढवलं. कूलंट या वेळी योग्य भांड्यात. अर्धा तास इंजिन चालवलं. गुडगुड सुरूच होती. इंजिन बंद केल्यावर मात्र पूर्ण थांबली.
प्रणालीला सांगितलं, हवा शंभर टक्के निघाली.  ती म्हणाली, “नक्की ना? माह्या भावाच्या घरचं पहिलं लगन हाय.” नक्की, म्हटलं.

११ मे, रविवार. स. ७
आठला निघतो. दहाला अकोल्यात. नवा शर्ट. कुलदीप हा विषय माझ्या बाजूने संपला.

१२ मे, सोमवार
काल मूर्तिजापूरच्या पुढे काटा लाल. वाफ. कडुनिंबाखाली गाडी उभी केली.
इंजिन थंड व्हायला तास गेला. आणखी एक तास मी प्रणालीला फोन करू दिला नाही, आत्ता होईल म्हणत. शेवटी तिने नव्या साडीच्या पदराने घाम पुसला आणि मला न विचारता कुलदीपला फोन लावला. स्पीकरवर.
तो म्हणाला, “कोन बोलून राह्यलं?”
तिने नाव सांगितलं. त्याला आठवेना. तिवस्याची नर्स, पाइप बदलला होता, असं सांगितल्यावर म्हणाला, “हां, पांढरी गाडी!” त्याला गाडी आठवली. फक्त गाडी.
मग म्हणाला, “ताई, तुमी काहून हात खराब करता? ड्रायव्हर असन ना संगं? त्याले द्या फोन.”
प्रणालीने माझ्याकडे पाहिलं. आणि फोन दिला.
मी म्हटलं, “हां भाऊ, बोला.”
त्याने सांगितलं तसं केलं. वरच्या पाइपावर एक बारकासा स्क्रू आहे, तो दोन आटे ढिला. हीटर फुल, इंजिन चालू, कूलंट हळूहळू. बारा मिनिटं बुडबुडे. मग नुसती धार आली, स्क्रू आवळला. हीटरची हवा चटका बसेल इतकी गरम. “शाब्बास,” म्हणाला. मला बरं वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही.
नंतर त्याने विचारलं, “एवढी हवा? कोनं बोटं घातली होती यात?”
मी म्हटलं, “मालकानं.”
“त्याले सांगजो, गाडीले हात लावू नोको म्हना.”
सांगतो, म्हटलं. पायल तोंड फिरवून रस्त्याकडे बघत होती. खांदे हलत होते.
अकोल्यात पोचलो तेव्हा एक वाजला होता. लग्न लागलेलं. पंगत सुरू. नवरीने आत्याच्या गळ्यात पडून विचारलं, कुठं राहिली होतीस? प्रणालीने गाडी बंद पडली एवढंच सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. ती सगळ्यांच्या शेवटी जेवली.
आज सकाळी विचारलं, मी नवरा आहे हे तू त्याला का सांगितलं नाहीस?
ती डबा भरत होती. म्हणाली, “सांगनार होती. पन तुमी आंधीच ‘हां भाऊ’ म्हनलं.”