नरसाळ्याची उंची

तिसगाव

प्रिय पंकजा,

पत्र बघून घाबरू नको, सगळे जिवंत आहेत. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू जरा बोललीस की "बरं, ठेवते" म्हणतेस आणि मग माझा आवाज चढतो. पत्र मधेच तोडता येत नाही. शेजारच्या छगनचा टेम्पो कांदा घेऊन तुझ्या सुप्यावरून पुढं जाणार आहे, त्याच्या हाती देते. माझी शाळा किती झाली ते तुला माहीत आहे, तेव्हा चुका काढत बसू नको. मतलब बघ.

आधी इकडचं सांगून टाकते. दसरा तोंडावर आला. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या बैलांच्या टायरगाड्या आपल्या वेल्डिंगच्या दुकानापुढं रांगेनं उभ्या आहेत. कुणाचा आस वाकलाय, कुणाचा सांधा उकललाय. उन्हाळाभर गाडी पडून असते, तेव्हा कुणाला आठवण होत नाही, आणि टोळी निघायची वेळ आली की सगळ्यांना आजच पाहिजे. टोळीचा मुकादम बिभीषण तर रोज येतो, "झाली का वहिनी?" मी म्हणते, "तू उभा राहिलास की होत नाही, तू जा." दुकान चालू आहे एवढं ध्यानात ठेव. कसं चालू आहे ते पुढं लिहिते.

तू कंपनीतून सुट्टीला आलीस आणि पहिल्यांदा तो धूर ओढायचा पंखा आणलास, ते मला आवडलं होतं. बोलले नाही, कारण चांगलं म्हटलं की तू आणखी चार वस्तू आणतेस. पण त्याला बटण होतं, आणि नानांनी, बाप तुझाच, ते कधी दाबलं नाही. एका टाक्यासाठी उठायचं, बटण दाबायचं, परत बसायचं, हे त्या माणसाकडून होणार होतं का? मग पुढच्या सुट्टीत तू ते कडं आणलंस. वेल्डिंग मशीनच्या अर्थिंगच्या वायरीभोवती बांगडीसारखं बसवलंस. रॉड टेकला, वायरीतून करंट गेला, की कड्याला कळतं आणि पंखा आपोआप सुरू. रॉड उचलला की मागं राहिलेला धूर ओढून घेतो आणि आपोआप बंद. मला एवढंच कळलं, आणि मला एवढं पुरे आहे. पंख्याच्या पाईपाला पुढं तू पत्र्याचं मोठं नरसाळं लावलंस, नानांना स्टुलावर बसवून, त्यांच्या छातीला माप लावून. ते बसले होते मुकाट, हे पण मला आठवतं.

बिघडलं ते दुसऱ्या दिवशी. नाना म्हणाले, पंख्याच्या घरघरीत टाका ऐकू येत नाही. तू म्हणालीस, टाका डोळ्यांनी बघायचा असतो. इथं तुझं चुकलं, पंकजा. तुझ्या नानांनी आयुष्यभर कानानं काम केलंय. काळ्या काचेतून दिसतं किती? चरचर एकसारखी आली की टाका बसतोय, फटफट आली की रॉड लांब गेलाय, हे त्यांचं गणित. आणि त्यांचं काय चुकलं ते तर सगळ्या दुकानानं ऐकलं. बिभीषण आणि त्याची माणसं उभी असताना म्हणाले, "धुराला भ्यायचं असंल तर घरात जाऊन भाकरी थाप." वर गुळाचा खडा तोंडात टाकला. जस्त चढवलेल्या पाईपाचं काम केलं की गूळ खायचा, म्हणजे धूर बाधत नाही, हे त्यांच्या उस्तादानं सांगितलेलं. संध्याकाळी थंडी वाजून ताप यायचा, सकाळी उतरायचा, की म्हणायचे, "बघ, गुळानं उतरला." त्या दिवशी तू आत गेलीस. बॅग भरलीस. त्यानंतर दिवाळी गेली, संक्रांत गेली, पोळा गेला, तू आली नाहीस.

तू गेल्यावर नानांनी वायर कड्यातून ओढून काढली. स्वयंपाकघरात मला चरचर ऐकू यायची, पंखा नाही, तेवढ्यावरून मला कळलं. सकाळी झाडताना मी वायर परत कड्यात घातली. त्यांनी काढली. मी घातली. दोघंही त्यावर एक शब्द बोललो नाही. भाकरी वेळेवर, चहा वेळेवर, आणि वायर आत-बाहेर. छगन म्हणाला, "काकू, तुमच्या भांडणाला आवाज कसा नाही?" मी म्हटलं, आवाजाचंच तर भांडण आहे.

मग एक दिवस मी झाडायला गेले तर वायर कड्यातच. पण पंखा जागेवर नाही. मला वाटलं, भंगारात दिला. बाहेर जाऊन बघते, तर यांनी पाईप वाढवून पंखा मागच्या भिंतीला नेऊन बसवलेला, धुराचं तोंड पत्र्याच्या वर काढलेलं. म्हणजे दुकानात आवाज नाही, आणि सगळी घरघर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी. मी लई बोलले त्या दिवशी. ते म्हणाले, "तुला पायजे हुता ना पंखा? ऐक आता." पण तेव्हापासून वायर कधी कड्याबाहेर निघाली नाही. हे मी तुला तेव्हाच कळवायला पाहिजे होतं, पण तूही फोनवर नानांचं नाव काढू देत नव्हतीस.

आता खरं ते ऐक. पोळ्याच्या आधीची गोष्ट. दुपारी मी भाकरी टाकत होते, खिडकीशी घरघर चालू. रोजची चाल मला पाठ झाली होती. पंखा चालतो, बंद होतो, मग टाक्यावरची खपली काढायची हातोडी टकटक वाजते, मग परत पंखा. त्या दिवशी पंखा सुरू झाला तो थांबेचना. टकटक नाही, काही नाही. माझी भाकरी पलटून झाली, शेकून झाली, पंखा चालूच. मला राग आला. वाटलं, कड्याचं काहीतरी बिघडलं आणि हे बसलेत तंबाखू मळत. ओरडले, उत्तर नाही. तव्यावरची भाकरी तशीच टाकून गेले, ती दोन शब्द सुनवायला.

नाना गाडीच्या आसाला टेकून खाली कलंडलेले. होल्डर हातमोज्यात तसाच, रॉड लोखंडाला चिकटून लालबुंद. रॉड चिकटला म्हणून करंट चालू, करंट चालू म्हणून पंखा चालू. मी आधी मेन स्विच पाडला, मग त्यांना हात लावला. ओठ निळे पडले होते, छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. छगननं टेम्पोतला कांदा तिथंच रस्त्यात उतरवला आणि आम्ही नगरला गेलो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छातीत जुना धूर बसलाय, नळ्या आखडल्यात. मी म्हटलं, आता तर पंखा आहे. त्या म्हणाल्या, पंखा आजचा धूर ओढतो, मागच्या वर्षांचा ओढत नाही. पण थोडा वेळ आणखी कुणी बघितलं नसतं तर माणूस हाती लागला नसता, हेही म्हणाल्या. गुळाचं विचारलं, तर गूळ गोड लागतो म्हणून खा म्हणाल्या, त्यानं धूर जात नाही. नाना तेव्हा भिंतीकडं तोंड करून पडले होते. तुला कळवायचं नाही अशी त्यांनी शपथ घातली. "पंकी येईल आणि म्हनंल, मी सांगितलं हुतं." शपथ मी आज मोडली. मला पटलीच नव्हती.

आता घरी आहेत. जिना चढले की दम लागतो. तोंडात ओढायचं औषध आहे, त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त चिडतात. धुराजवळ जायचं नाही, म्हणून दुकानाच्या दारात वाऱ्याच्या बाजूला बाज टाकून दिली आहे. तिथून दिवसभर ओरडतात. "रॉड लांब गेला! हात पळतोय! ऐकू येत न्हाई का?" पंखा मागं आहे, म्हणून दारातून त्यांना टाका ऐकू येतो.

हे ओरडणं मला असतं. रॉड मी धरते. टायरगाड्या कुणी करायच्या? बाहेरच्या कारागिराला नाना दोन दिवसांत पळवून लावतात, आणि मी तशीही त्यांना सामान देत आयुष्यभर बघितलंय. पहिल्या दिवशी काळी काच डोळ्यांपुढं धरायच्या आधीच ठिणगी बघितली आणि डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडले, पण आता जमतं. बिभीषणाच्या गाडीचा सांधा माझा आहे. नाना हातोडी घेऊन ठोकून आले, उकलला नाही. काही बोलले नाहीत, म्हणजे बरा आहे. पण पंकजा, ते नरसाळं नानांच्या मापाचं आहे. मी हातभर बुटकी. धूर आधी माझ्या नाकावरून जातो, मग त्याच्यात. मी छगनला म्हटलं, बोल्ट सोड आणि खाली घे. तर नाना बाजेवरून म्हणाले, "कुनी हात लावायचा न्हाई त्याला. जिनं बसवलंय ती येऊन खाली घील." यापेक्षा जास्त त्यांच्या तोंडून निघणार नाही, वाट बघत बसू नको. छगन परवा परत फिरणार आहे, त्याच्या टेम्पोत बस. पाना मी शोधून ठेवला आहे. मापाला मी बसते.

तुझीच, गाड्या संपेपर्यंत दुकानातच सापडणारी,
आई