पूजेत बसलेला चाकू

खंडेनवमी, १९५६. कासारवाडी, दिवेलागणीला.

जुन्या बाजारातून आणलेला चाकू महिनाभर कारखान्यात वापरून पाहिला. पातं, टोच्या, स्क्रूड्रायव्हर, सगळं एकाच मुठीत. वायर सोलली, रोज पेन्सिल तासली, झकास! मोठ्या स्क्रूवर मात्र टोक वाकलं, खोटं कशाला लिहू? तेव्हापासून आमचे मिस्त्री हसायचे, "खेळणं हाय राव ते!"

आज हत्यारांची पूजा मांडताना मी तो खिशातच ठेवला. लाज वाटली, दुसरं काय? तर मिस्त्रींनीच हात पुढं केला. "काम केलंय न्हवं त्यानं? मग आण की हिकडं." मोठ्या पान्ह्याशेजारी ठेवून त्यांनीच हळदकुंकू वाहिलं.

आता दसरा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. पेन्सिल पार बोथट झालीय, अक्षर जाडं येतंय. येऊ दे.