बबिताचं घड्याळ

प्रिय याडी,

हे पत्र कोण वाचून दाखवतंय ते पाहून चिडू नकोस. आधी शेवटपर्यंत ऐक.

तुझ्या लेकीचं काम काय, असं तू नेहमी विचारतेस. आम्ही संगणकाच्या आत एक नकली संगणक चालवतो. त्याला गेस्ट म्हणतात, म्हणजे पाहुणा. सध्याचा पाहुणा वणीकडच्या एका कोळसा खाणीचे पंप चालवायची तालीम करतोय. खाणीत शिरणाऱ्या पाण्याचं गणित दुसरीकडे, फार हळू चालतं. ते होईपर्यंत पाहुण्याला थांबवून ठेवावं लागतं. नुसतं थांबवलं, तर जागा झाल्यावर तो बाहेरचं घड्याळ बघतो, मधला वेळ कुठे गेला म्हणून बिथरतो आणि सगळे भोंगे वाजवतो. म्हणून मी त्याचं घड्याळही अडवून ठेवते. त्याला वाटतं, मध्ये काही घडलंच नाही. ही करामत मला छान जमते. शिकले तुमच्याकडूनच ना!

माझी शेवटची परीक्षा आठव. ज्यांच्या जीपमधून मी शाळेत गेले ते लालसिंग काका वारले, आणि तुम्ही मला कळवलं नाही. फोन केला की तू म्हणायचीस, 'जीप घेऊन गेले हायेत.' पेपर संपले, मी काकांसाठी काळा चष्मा घेऊन दारव्ह्याला उतरले, तर त्यांच्या जीपवर तांड्यातला किसनसिंग. काका कुठे म्हटलं, तर तो कापसाच्या भावाचं बोलत राहिला. सगळ्या तांड्याला ठाऊक होतं, मलाच नव्हतं. तुमचं रडून झालं होतं. माझ्यासोबत रडायला कोणी उरलं नव्हतं. वर मला पहिला वर्ग मिळाला म्हणून तुम्ही पेढे वाटले. त्या पेढ्यांचा राग अजून गेलेला नाही.

आणि आता तू म्हणतेस, 'सोमवारी माह्यं आपरेशन हाये, पण बबिताले सांगू नको, तिचे पेपर हायेत.' गाठ तुझ्या पोटात, आणि घड्याळ धाकटीचं अडवायचं! नाही याडी. मशीनचं अडवीन, बहिणीचं नाही. तिथे काही बरंवाईट झालं तर तिला काय सांगू? जीप घेऊन गेली?

फोन केला असता तर तू शपथ घातली असतीस, म्हणून पत्र. काल बबिताच्या होस्टेलवर आले, तिला सगळं सांगितलं आणि आता हे तिच्याच हाती देतेय. पेपरला बसायचं की नाही, ते ती ठरवेल. बबिता, आता वाचणं थांबव आणि याडीजवळ बस. भोंगे वाजले तर वाजू देत.

तुझीच, न ऐकणारी,
उज्ज्वला