छापलेलं चुकत नाही

बाबा, मागच्या आठवड्यात तुमच्या फोटोला हार घालताना मी म्हटलं होतं, ऑफिसात माझ्या हातून चूक झाली. ते खरं नव्हतं. चूक पुस्तकाची होती. हे तुमच्यापाशीच दुरुस्त करायचंय, कारण पुस्तकाची बाजू घ्यायला मला तुम्हीच शिकवलंत.

मी नववीत असताना तुम्ही गेलात. मी आता संगणकाचे प्रोग्राम लिहिते. पलसाणा गावातल्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलसाठी तळहातावर मावणाऱ्या यंत्राचं काम माझ्याकडे आलं. मिलच्या माणसाने गोदामात फिरत कापडाचे ताके त्यात नोंदवायचे, संध्याकाळी वायर जोडून त्या नोंदी मोठ्या संगणकात उतरवायच्या. यंत्राबरोबर आलेलं पुस्तक म्हणजे झेरॉक्सचा गठ्ठा. खुलासा सातव्या प्रकरणात पाहा, असं तिसऱ्यात लिहिलंय; सातवं प्रकरणच नाही. नमुन्याचा प्रोग्राम अक्षर न् अक्षर तसाच टाइप केला तरी वायर जोडली की यंत्र बंद पडतं आणि नोंदी पुसल्या जातात. यंत्र विकणाऱ्यांना मुंबईला फोन केला, तर तिकडचा माणूस म्हणतो, "मॅडम, पुस्तकात सगळं दिलंय. नीट वाचा." आमचे साहेब म्हणतात, "बेन, चोपडीमां लख्युं छे ने? पछी शुं?", लिहिलंय तर अडलं कुठे, आणि माझ्यासमोरच मिलवाल्यांना फोनवर सांगतात, "नवी छोकरी छे, एने आवडतुं नथी," म्हणजे मला जमत नाही. मी मान खाली घालते आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागते. महिनाभर हेच.

बमरोलीच्या आपल्या खोलीत शाळेआधीच तुम्ही मला अक्षरं आणि पाढे शिकवलेत. कारखान्यातल्या लूमचा खडखडाट कानात घेऊन यायचात, म्हणून शिकवायचात तेही ओरडून. पुढे शाळेत असताना एकदा माझं उत्तर गणिताच्या पुस्तकातल्या उत्तराशी जुळेना. "छापलेलं चुकत नाही, माय. आपण चुकतो. परत कर." आई ताट वाढून बसलेली. "जेवू द्या की तिला." "जुळलं की जेवेल." जुळलं नाही. भात गार झाला. दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात सांगितलं, छापताना चूक झालीय, पेनने दुरुस्त करा. घरी येऊन मी आनंदाने ते पान दाखवलं, तर तुम्ही म्हणालात, "पुस्तकात पेन चालवलंस?"

गुरुवारी मी चिडून पुस्तकातला क्रम उलटा केला. आधी नोंदींची संख्या पाठवा, मग नोंदी, असं छापलंय. मी आधी नोंदी पाठवल्या, मग संख्या. सगळे ताके बिनबोभाट उतरले. मला आनंद झाला नाही. राग आला. मुंबईच्या माणसाचा, साहेबांचा, आणि सगळ्यांत जास्त तुमचा. तरीही मी जुना क्रम घालून पुन्हा यंत्र बंद पाडून पाहिलं, कारण डोळ्यांवर विश्वास बसेना. एवढी भीती तुम्ही घातलीत छापलेल्याची.

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "चाल्युं ने? बस." मिलवाल्यांना खरं सांगायची गरज नाही, पुढचं यंत्राचं काम दुसऱ्याकडे जाईल, मी बिलं टाइप करावीत. मला बिलं टाइप करायची नाहीत, बाबा.

सोमवारी मिलवाले ऑफिसात येणार आहेत. त्यांच्यासमोर मी ते पान उघडणार आहे आणि पेनने त्यातला क्रम खोडून बरोबर लिहिणार आहे. तुम्ही असता तर माझी हिंमत झाली नसती, हेही इथेच लिहून ठेवते. पण सोमवारी पेन चालवणार.