छकुलीची आवक-जावक

मंगळवार, १२ मार्च. सकाळी ९
लेक ट्रेनिंगला गेली, शुक्रवारी परत. जावई दौऱ्यावर. नऊ महिन्यांची छकुली माझ्या ताब्यात. जाताना लेकीने फ्रिजवर सूचनांचा कागद डकवला. मला! कारखान्याचं स्टोअर चौतीस वर्षं सांभाळलं, एक नट हरवू दिला नाही. कागद वाचणार नाही.

संध्याकाळी ६
दुपारी बाटलीत अर्धं दूध उरलं. आजकालच्या पोरी सरळ ओतून देतात. मी झाकण लावून ओट्यावर ठेवलं, पाच वाजता तेच पाजलं. न वापरलेला माल स्टॉकमध्ये परत घ्यायचा असतो.

बुधवार, १३ मार्च. सकाळी ७
छकुलीला पातळ शी. तीनदा. दात येत असणार. मी घाबरलेली नाही.

सकाळी ११
सहा वेळा. नुसतं पाणी. रडणं ऐकून वरच्या मजल्यावरची शिंपीणबाई खाली आली. म्हणे, "अहो बाई, ओआरएस पाजा, चमच्याचमच्याने. आणि दूध तोडू नका." तीन पोरं वाढवली म्हणून ही आता डॉक्टर! म्हटलं, तुम्ही तुमचं शिवणाचं बघा, माझ्या ब्लाउजची डावी बाही अजून तोकडी आहे. तर म्हणते, "बाही राहू द्या, पोरीचे डोळे बघा." उद्धट.

दुपारी १२
तरी तिच्याकडचं ओआरएस चमच्याने दिलं. ओकली. जे पोटात राहिलं, ते पाच मिनिटांत खालून आलं. शांतपणे विचार केला. आवक बंद केली की जावक बंद. दूध बंद, पाणी बंद, पोटाला विश्रांती. वहीत पट्टी धरून दोन रकाने आखले: शी आणि शू. शाळेत कॉन्व्हेंटच्या सिस्टर वाकडी रेघ दिसली की पान फाडायच्या. तेव्हापासून रेघ सरळ.

दुपारी ४
बारा ते चार: शी एक, शू नाही. दोन्ही रकाने उताराला. सिस्टिम चालते. लेकीचा फोन. "आई, सगळं ठीक ना?" म्हटलं, ऑल अंडर कंट्रोल. फोन ठेवून दोन्ही रकाने पुन्हा मोजले.

संध्याकाळी ६
शी नाही. शू नाही. छकुली रडली, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. शहाणी झाली, असं लिहिणार होते.
जीभ कोरडी आहे. डोक्यावरची टाळू खोल गेलीय.

सव्वासहा
हाक मारली. माझ्याकडे बघत नाही. टाळी वाजवली. बघत नाही. जिन्यातून शिंपीणबाईंना हाका मारल्या. त्या पायांत चप्पल न घालता धावत आल्या. मी छकुलीकडे बोट दाखवलं. रिक्षा येतेय. वही बरोबर घेते.

गुरुवार, १४ मार्च. सकाळी ८, हॉस्पिटल
सलाईन लागलंय. एवढ्याशा हाताला एवढी मोठी पट्टी. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीपेक्षा लहान. मी वही पुढे केली, नोंदी नीटनेटक्या होत्या. त्यांनी दोनदा वाचल्या. "आजी, दुपारपासून शू नाही, हे तुम्हीच लिहिलंय?" हो म्हटलं. "मग लगेच का नाही आणलं? बाळ सुकत चाललं होतं." चौतीस वर्षांत एकाही ऑडिटरने माझ्या नोंदींवर असं बोट ठेवलं नव्हतं. "जुलाबात जेवढं जातं तेवढं भरून काढायचं असतं, आजी. थांबवायचं नसतं." मग बाटलीचं विचारलं. उरलेल्या दुधाचं सांगितलं. सांगितलं नसतं तरी कुणाला कळलं नसतं.

दुपारी १
छकुली अजून डोळे मिटूनच आहे. कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी शिकवलेली इंग्रजी प्रार्थना आठवून पाहिली. दुसऱ्या ओळीवर अडकते. तीच ओळ म्हणतेय.

दुपारी ४
शू झाली. नर्सने हसत सांगितलं. मी दोनदा विचारलं, नक्की ना?

शुक्रवार, १५ मार्च. दुपारी २
लेक थेट हॉस्पिटलात आली. माझ्याकडे पाठ करून छकुलीजवळ बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. डॉक्टरीणबाईंनी सगळं तिला सांगितलं: ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, दूध चालू, झिंकची गोळी चौदा दिवस, बाटलीऐवजी वाटी-चमचा, शी धुतल्यावर आणि पाजण्याआधी साबणाने हात. शू थांबली किंवा बाळ मलूल झालं तर त्याच क्षणी इथे. मग माझ्याकडे वळल्या. "आजी, चमच्याने पाजायला जमेल?"

तोंडात उत्तर तयार होतं. ते गिळून, भेटायला आलेल्या शिंपीणबाईंपुढे चमचा केला.

त्यांनी छकुलीला मांडीवर घेतलं, चमचा ओठाला लावला, ती गिळेपर्यंत थांबल्या. "ओकली तर दहा मिनिटं थांबायचं, मग परत. बस, एवढंच."

म्हटलं, पुन्हा दाखवा.

दाखवलं.

म्हटलं, आणखी एकदा.